पिकल्या पानाशी दोन शब्द



श्रावण लागला. पेरण्या आटोपल्या, कोळपण्या झाल्या. झड लागली की शेतातले काम थांबते आणि घरची माणसे भरदुपारीच ओसरीवर येऊन बसतात. गावोगावच्या देवळांत आता पोथी लागली असेल. कुठे श्रीधरस्वामींचा 'हरिविजय', कुठे 'पांडवप्रताप', तर कुठे नवनाथांची पोथी. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी खांबाला टेकून ऐकायचे. ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही अशा कितीतरी आयाबायांना या पोथ्यांतले प्रसंगच्या प्रसंग पाठ असतात. तेव्हा 'साहित्य' हा शब्द ऐकून कुणी बिचकू नये. साहित्य म्हणजे काही फक्त शहरातल्या कपाटातली जाड पुस्तके नव्हेत. पोथी, अभंग, जात्यावरची ओवी, आजीने सांगितलेली गोष्ट, जत्रेत पाहिलेले नाटक, हे सगळे साहित्यच आहे.

या साहित्याचा संसारात उपयोग काय, असे पुष्कळजण विचारतात. खताचा हप्ता त्याने फिटत नाही, विहिरीला पाणी त्याने लागत नाही, हे खरेच. पण आयुष्यात एक वेळ अशी येते की तिथे पैसा, जमीन, भाऊबंद सगळे अपुरे पडते. ती वेळ म्हणजे म्हातारपण आणि त्यापुढचे मरण. आज या सदरात तोच विषय काढायचा आहे. नाक मुरडू नका. अशुभ म्हणून पान उलटू नका. ज्या घरात पिकले पान आहे त्या घराला हा विषय टळणारा नाही, आणि आज ज्यांच्या मिशीला नुकती धार आली आहे त्यांनाही तो कायमचा टळलेला नाही.

बोलायचे नाही, एवढेच ठरलेले

आपल्या घरांत काय चालते ते पाहा. आबा दोन महिने खाटेवर आहेत. अन्न कमी झाले आहे. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन काय ते सांगितले आहे. मुलगा घरी येऊन म्हणतो, "आबा, तुम्हाला काही होत नाही. चार दिवसांत गव्हाला पाणी धरायला उभे राहाल." सून म्हणते, "मामंजी, उगाच मनाला लावून घेऊ नका." शेजारचा येतो, तोही तेच म्हणतो. आबा ऐकतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

आबांना कळत नाही का? ज्या माणसाने साठ वर्षे पिकाचा रंग पाहून पाण्याची पाळी ओळखली, गाईच्या डोळ्यांवरून तिचे दुखणे ओळखले, त्याला स्वतःच्या अंगातले कळत नसेल? सगळे कळते. त्यांना बोलायचेही असते. धाकट्याचे लग्न राहिले, बांधावरची चिंच कुणी तोडू नये, थोरल्या बहिणीशी वीस वर्षांचा अबोला आहे तो मिटावा, शेवटी आपल्याला दवाखान्यात ठेवू नये, आपल्या ओसरीवर असू द्यावे, असे कितीतरी मनात असते. पण सगळे घर "काही होत नाही" म्हणत असताना ते बोलणार कुणाशी?

मुलालाही दोष देता येत नाही. त्याला तरी शब्द कुठे सापडतात? बापाच्या तोंडावर "आता तुमचे कसे?" असे कुणी विचारू शकते का? इथेच साहित्य मदतीला येते. जी गोष्ट आपल्याला एकमेकांच्या तोंडावर बोलता येत नाही, ती तिसऱ्याच्या तोंडून ऐकता येते. गोष्टीतला माणूस मरतो, आणि त्याच्याविषयी बोलता बोलता घरातली माणसे स्वतःविषयी बोलू लागतात.

पोथीतले भीष्माचार्य आठवा. अंगभर बाण रुतलेला हा म्हातारा शरपंजरी पडून आहे, उत्तरायणाची वाट पाहतो आहे. आणि पांडव काय करतात? "पितामह, तुम्ही लवकर बरे व्हाल," असे त्यांच्यातला कुणी म्हणत नाही. श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून धर्मराज त्यांच्याजवळ येऊन बसतो आणि प्रश्न विचारतो. राजाने कसे वागावे, संकटात काय करावे, दान कसे द्यावे, दुःख कसे सोसावे. भीष्म उत्तरे देतात. महाभारताच्या अठरा पर्वांतले सगळ्यांत मोठे शांतिपर्व बहुतेक याच बोलण्याने भरले आहे. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ देण्यासारखे खूप असते आणि ते घ्यायला कुणीतरी जवळ बसावे लागते, हे व्यासांनी किती आधी सांगून ठेवले! आपण मात्र पोथीत ते ऐकतो, हात जोडतो, आणि घरी आल्यावर खाटेजवळून नुसतेच पुढे जातो.

रशियातला एक गडी

आता आपल्या मुलखापासून फार लांबची एक गोष्ट सांगतो. ती लिहिणारा मात्र शेतीभातीत रमलेला माणूस होता. रशियाचा थोर लेखक टॉलस्टॉय. स्वतः जमीनदार, पण उतारवयात शेतकऱ्यांसारखे कपडे घालून नांगर धरणारा. १८८६ साली त्याची एक लांब गोष्ट छापून आली, 'इव्हान इलिचचा मृत्यू'. नावातच शेवट सांगून टाकला आहे, तरी वाचणाऱ्याच्या हातून ती सुटत नाही.

हा इव्हान इलिच मोठा न्यायाधीश. वय पंचेचाळीस. पगार चांगला, घर नवे, चार मोठ्या लोकांत ऊठबस. नव्या घरात पडदे कसे लावायचे ते कारागिराला दाखवायला तो शिडीवर चढतो, पाय घसरतो आणि कुशीला मार लागतो. किरकोळ वाटते, पण हळूहळू दुखणे वाढत जाते. एकामागून एक डॉक्टर येतात. कुणी म्हणतो मूत्रपिंड, कुणी म्हणतो आतडे. औषधे बदलतात, माणूस खंगत जातो.

टॉलस्टॉयने नेमकी नस पकडली आहे ती पुढे. इव्हान इलिचला दुखण्यापेक्षाही जास्त सलते ते लोकांचे खोटे. बायको, डॉक्टर, मित्र सगळे असे वागतात की हा नुसता आजारी आहे, शांत पडून राहिला आणि औषधे घेतली की बरा होईल. आपण मरणार हे त्याला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक आहे. तरी कुणी कबूल करत नाही. उलट त्यालाही त्या खोट्यात ओढतात. लहान मुलाला जवळ घेऊन कुरवाळावे तसे आपल्याला कुणी कुरवाळावे, असे त्या मोठ्या न्यायाधीशाला वाटते. पण तसे कुणी करत नाही.

करतो तो एकच. घरातला गडी, गेरासिम. खेड्यातून आलेला तरणाबांड शेतकऱ्याचा पोर, स्वच्छ, हसतमुख. धन्याची घाण काढायचे काम त्याच्याकडे आहे आणि तो ते तोंड वाकडे न करता करतो. पाय उंच धरले की धन्याला जरा बरे वाटते, म्हणून तो रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो. त्रास होतो का म्हणून धन्याने विचारले, तर तो सरळ सांगतो की आपण सगळेच एक दिवस जाणार आहोत, मग थोडे कष्ट पडले तर काय बिघडले. सगळ्या घरात खरे बोलणारा हा एकटा, आणि त्याच्या खरेपणाचाच त्या मरणाऱ्या माणसाला आधार वाटतो.

वाचकहो, ही गोष्ट वाचताना आपली मान जरा ताठ होते. कारण शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या लोकांना जे जमले नाही ते एका खेडुताला जमले. त्याने फार काही केले नाही. खोटे बोलला नाही आणि जवळून हलला नाही, एवढेच. रोज जन्म आणि मरण पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे जमते, असे टॉलस्टॉयला सांगायचे असावे. वासरू जन्मते तेव्हा आपण गोठ्यात असतो, म्हातारा बैल शेवटचा बसतो तेव्हाही आपणच त्याच्या मानेवरून हात फिरवतो. मग घरातल्या माणसापाशीच आपले हात का आखडतात?

गोष्टीच्या शेवटी इव्हान इलिचचा शाळकरी मुलगा खोलीत येतो. बापाचा हात त्याच्या डोक्यावर पडतो. पोरगा तो हात धरून ओठांशी नेतो आणि रडू लागतो. त्या क्षणी बापाला स्वतःची नव्हे, त्या पोराची कीव येते, आणि त्याचे मरणाचे भय निघून जाते. आजोबा आजारी असले की आपण पोरांना दुसऱ्या खोलीत हाकलतो. पोरांनी असे काही पाहू नये म्हणतो. हा प्रसंग वाचल्यावर तसे करताना हात थोडा थांबेल.

मोहरीचे चार दाणे

जाणाऱ्याचे असे, आणि मागे राहणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी आपल्याच देशातली बुद्धाच्या काळची गोष्ट आहे. किसा गौतमी नावाची बाई. श्रावस्ती नगरात राहणारी. तिचे एकुलते पोर गेले. तिला ते पटेना. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरू लागली. कुणी तिला वेडी म्हटले. एकाने तिला भगवान बुद्धांकडे पाठवले. बुद्ध म्हणाले, औषध आहे, पण त्यासाठी थोडी मोहरी लागेल, आणि ती अशा घरातली हवी की ज्या घरात आजवर कुणी मेले नाही.

बाई धावत गेली. मोहरी घरोघर होती, द्यायला सगळे तयार होते. पण दुसरा प्रश्न विचारला की हात थांबायचे. कुणाचा बाप गेला होता, कुणाची लेक, कुणाचा धनी. संध्याकाळपर्यंत ती हिंडली. तिला मोहरी मिळाली नाही, पण प्रत्येक दारात आपल्यासारखेच एक माणूस भेटले. तेव्हा तिने मुलाला खाली ठेवले, त्याचा निरोप घेतला, आणि पुढे ती भिक्खुणी झाली. 'थेरीगाथा' म्हणून भिक्खुणींच्या गाण्यांचा जुना पाली ग्रंथ आहे, त्यात तिच्या नावाच्याही गाथा आहेत.

बुद्धांनी तिला "सगळेच मरतात, रडू नकोस," असे नुसते सांगितले असते तर तिच्या कानात ते शिरले असते का? आपणही दुःखाच्या घरी बसायला जातो तेव्हा हेच सांगतो आणि ते वाऱ्यावर जाते. बुद्धांनी तिला शहाणपण सांगितले नाही, तिला घरोघर पाठवले. चांगले साहित्य नेमके हेच काम करते. ते आपल्याला दुसऱ्यांच्या घरात घेऊन जाते आणि आपले दुःख एकट्याचे नाही हे दाखवते. त्याने दुःख नाहीसे होत नाही. ते वाहायला मात्र आणखी खांदे मिळतात.

आपल्या मातीतले शब्द

आता आपल्या मराठीकडे या. आपल्याकडे तर याची खाणच आहे.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय कधी नीट ऐकला आहे का? ज्ञानी माणसाची लक्षणे सांगताना माउली सांगतात की म्हातारपण यायच्या आधीच त्याने ते डोळ्यांसमोर आणलेले असते. आणि मग शरीर कसे सैल पडेल, इंद्रिये कशी थकतील, घरचीच माणसे कशी कंटाळतील याचे इतके बारीक वर्णन करतात की ऐकणाऱ्याने दचकावे. ज्ञानेश्वरी सांगून झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. माउलींना तेव्हा विशीही लागली नव्हती. ज्याने म्हातारपण स्वतः कधी भोगलेच नाही त्याने ते असे पाहिले. तरण्याताठ्या माणसालाही दुसऱ्याचे म्हातारपण समजू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा? आपल्या सुनांना, लेकांना, नातवांनाही ते समजू शकेल, फक्त कुणीतरी ऐकवले पाहिजे.

पुढे १२९६ साली माउलींनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावाने त्या प्रसंगाचे अभंग आहेत. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीचा सोहळा होतो, तेव्हा हजारो वारकऱ्यांचे डोळे भरून येतात. या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे, सोपानमुक्ताईचा आकांत आहे. निवृत्तिनाथ तर गुरू, ब्रह्मज्ञानी. तरी धाकटा भाऊ जातो म्हटल्यावर तेही कळवळतात. "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?" असे म्हणणाऱ्यांनी हे अभंग जरूर ऐकावेत.

तुकोबांनी तर घरचीच मरणे पाहिली. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. गुरे गेली, व्यापार बुडाला. त्या माणसाचे अभंग आपल्याला धीर देतात, कारण तो धीर फुकटचा नाही. वारकरी गावांत आजही अंत्ययात्रेपुढे टाळमृदंगाच्या गजरात तुकोबांचे निरोपाचे अभंग म्हणतात. लेकीने सासरी जाताना निरोप घ्यावा तसा जगाचा निरोप घेता येतो, हे त्या अभंगांनी पिढ्यानपिढ्या शिकवले आहे.

आणि बायकांचे काय? त्यांना ना पोथी वाचायला मिळाली, ना कीर्तनाला उभे राहायला. त्यांनी आपले सगळे बोलणे जात्यापाशी केले. आईबाप गेले आणि माहेर सुटले, धन्याच्या आधी आपण जावे, मेल्यावर आपल्यामागे कोण रडेल, असे सगळे त्या ओव्यांतून बोलल्या आहेत. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत, सासूला ऐकू गेले तरी चालेल अशा बेताने. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जी गोष्ट घरात कुणापुढे बोलता येत नव्हती ती बायकांनी दगडापुढे बोलून घेतली आणि मन हलके केले. आता घरोघरची जाती कोपऱ्यात गेली, गिरणी आली. कष्ट वाचले हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर बोलायची ती जागाही गेली, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

बहिणाबाई चौधरींचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्म. अक्षरओळख नाही. ऐन तिशीत वैधव्य आले, पदरात मुले, अंगावर शेतीचा गाडा. पण ही बाई शेतात, जात्याशी, चुलीपुढे काम करता करता गाणी रचत गेली. आपल्या वैधव्यावरही तिने गाणे केले. दारी आलेल्या ज्योतिषाला तिने परत जायला सांगितले, कारण नशिबाचा अर्थ तिला आपल्या आपणच लागला होता. श्वासाच्या येण्याजाण्यात तिला जगण्यामरण्याचा हिशेब दिसला. सुगरणीच्या खोप्यापासून पेरणीपर्यंत जे डोळ्यांसमोर होते त्यातूनच तिने हे शहाणपण काढले, म्हणून ते आपल्याला आपले वाटते.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि सगळा महाराष्ट्र थक्क झाला. पण जरा विचार करा. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याला त्या गाण्यांची किंमत कळली, ती कागदावर उतरवली गेली, म्हणून ती आज आहेत. नाहीतर ती बाई आपली गाणी घेऊनच गेली असती. आपल्या घरातल्या म्हातारीजवळ काय आहे, हे आपण कधी विचारले आहे का?

वाटणीआधी एक नाटक

म्हातारपणाचा प्रश्न नुसता मनाचा नसतो, तो सातबाऱ्याचाही असतो. त्यासाठी एका नाटकाचे नाव घ्यायलाच हवे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट'. २३ डिसेंबर १९७० ला दि गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले, डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. २०१६ साली त्यावर चित्रपटही आला, तो तर गावोगाव पोचला. इंग्लंडच्या शेक्सपिअरने चारशे वर्षांपूर्वी एका राजाची गोष्ट लिहिली होती, जो जिवंतपणी राज्य मुलींना वाटून टाकतो आणि मग दारोदार होतो. शिरवाडकरांनी त्या राजाच्या जागी एक म्हातारा नट आणला. तो होते नव्हते ते मुलाला आणि मुलीला देऊन मोकळा होतो. नंतर मुलाच्या घरी तो जड होतो, मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो, आणि म्हातारा-म्हातारी रात्रीच घर सोडतात.

हे नाटक पाहून मुलांना शिव्या घालत घरी येणे सोपे आहे. पण नीट पाहिले तर दिसते की बेलवलकरांचाही स्वभाव फटकळ आहे, नव्या घराच्या चालीशी त्यांना जुळवून घेता येत नाही. लेखकाने दोन्ही बाजू दाखवल्या आहेत. म्हणून हे नाटक म्हाताऱ्याने आणि मुलाने शेजारी बसून पाहावे, आणि मग वाटणीला बसावे. म्हाताऱ्याने विचारावे, मी माझ्यासाठी काय राखून ठेवले? मुलाने विचारावे, बापाने ताट दिले तर त्याच्यासाठी पाट राहिला का?

जाता जाता कायद्याचेही एक सांगतो. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, मला सांभाळायचे या अटीवर जमीन किंवा घर बक्षीसपत्राने दिले आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. त्यासाठी ती अट कागदात स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे. निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करता येतो. पण कायद्यापर्यंत जायची वेळच येऊ नये, म्हणून तर आधी नाटक पाहायचे.

आणि ज्यांची मुले पुण्यामुंबईला आहेत त्यांनी 'श्यामची आई' घरात मोठ्याने वाचावे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. बेचाळीस रात्री श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. आईच्या शेवटच्या दिवसांत तो जवळ नव्हता, आणि पोचला तेव्हा उशीर झाला होता. हे वाचून ज्याला आपल्या आईला फोन करावासा वाटणार नाही तो विरळा. पुस्तकाने एवढे जरी केले तरी पुष्कळ केले.

घरी काय करता येईल

आता थोडे करण्यासारखे.

घरात पिकले पान असेल तर रोज दिवाबत्तीनंतर अर्धा तास त्यांच्याजवळ बसून काहीतरी मोठ्याने वाचा. नातवाकडून वाचून घ्या, त्याचे वाचन सुधारेल आणि आजोबांचे कानही निवतील. काय वाचायचे ते म्हाताऱ्या माणसाला विचारा. कुणाला पोथी हवी, कुणाला बहिणाबाई, कुणाला नुसत्या हसवणाऱ्या गोष्टी. मरणाचेच वाचले पाहिजे असे मुळीच नाही. भीती घालणारे, यमदूतांचे छळ रंगवणारे तर आजाऱ्यापुढे वाचूच नये.

वाचून झाले की पुस्तक लगेच मिटू नका. "आजी, तुझ्या वेळेला असे काही झाले होते का?" एवढेच विचारा आणि गप्प बसा. गोष्ट बाहेर येईल. एखाद्या दिवशी त्या गोष्टीच्या आडून मनातले खरेही बाहेर येईल. तेव्हा "असे बोलू नये" म्हणून तोंड दाबू नका. ऐका. शेवटी काय हवे, कुठे राहायचे, कुणाला भेटायचे, हे कळले तर मागाहून भावाभावांत भांडणे होत नाहीत आणि "विचारायचे राहून गेले" ही टोचणीही राहत नाही.

आजीच्या ओव्या, म्हणी, आजोबांनी पाहिलेला १९७२ चा दुष्काळ, पहिली मोट, पहिले इंजिन, हे सगळे एका वहीत उतरवा. आता घरोघर मोबाईल आहे, त्यात आवाज धरून ठेवा. सोपानदेवांनी केले तेच तुमचा मुलगा करू शकतो.

मात्र एक लक्षात असू द्या. वाचन हे औषधाच्या जागी नाही. दुखणे, श्वास लागणे यांवर डॉक्टरांकडून उपाय करून घ्यावाच. शेवटच्या दिवसांतल्या वेदना कमी करता येतात, त्या मुकाट सोसायला लावू नयेत. आणि एखादे म्हातारे माणूस पुन्हा पुन्हा "मला जगायचे नाही" म्हणू लागले तर ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा, एकटे सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

शेतकऱ्याला पिकलेल्या कणसाचे भय वाटत नाही. कणीस भरले की ताट वाकते, वाळते, आणि पुढच्या वर्षीचे बी मागे ठेवून जाते. माणसाचे बी म्हणजे त्याने सांगितलेले शब्द. ते वेळेवर वेचून घेतले तर पुढच्या पिढीच्या कणगीत राहतात. न वेचले तर पावसात कुजून जातात. यंदाच्या श्रावणात देवळातल्या पोथीबरोबर ओसरीवरची ही पोथीही लावा. वाचणारा घरात आहे, ऐकणाराही घरातच आहे. फक्त दोघांनी एकमेकांजवळ बसायचे आहे.

असो. आज एवढेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.